संघाचे गुण कोणाच्या खात्यावर मांडायचे?

प्रश्न अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमधला आहे: स्टीव्ह नॅशच्या संघांचे आक्रमण लीगच्या सरासरीपेक्षा जितके वर गेले, तितके मायकेल जॉर्डनच्या संघांचे कधी गेले नाही. मग निदान आक्रमणापुरता तरी नॅशला जॉर्डनपेक्षा मोठा मानायचे का? आणि मानायचे नसेल, तर संघाच्या आक्रमणाचा आकडा स्टारचे मोठेपण मोजायला वापरायचा तरी कशाला?

आधी उत्तर देतो, कारणे नंतर. आकडा जरूर वापरावा, पण एका हंगामाचा नव्हे. एका हंगामाचा आकडा सगळ्या संघाचा असतो. त्यात सहकारी आहेत, प्रशिक्षक आहे, बचावावर पाणी सोडून घेतलेले निर्णय आहेत आणि नशीबही आहे. सहकारी बदलले, प्रशिक्षक बदलले, संघसुद्धा बदलला आणि तरीही आकडा वरच राहिला, तर मात्र तो त्या खेळाडूच्या नावावर मांडायला हरकत नाही. नॅशची खरी थोरवी या टिकून राहण्यात आहे. ज्या एका मोठ्या आकड्यावरून हा वाद पेटतो, त्यात ती फारशी नाही.

आकडा कोणता घ्यायचा इथूनच घोळ सुरू होतो. प्रति सामना गुण बाजूला ठेवा. वेगाने खेळणाऱ्या संघाला संधीच जास्त मिळतात, त्यामुळे त्याचे गुण फुगलेले दिसतात. विल्ट चेंबरलेनचे दोन हंगाम शेजारी ठेवून पाहा. १९६१-६२ मध्ये फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून त्याने सामन्यामागे ५०.४ गुण काढले, जवळपास ४० फटके मारून. १९६६-६७ मध्ये फिलाडेल्फिया सेव्हन्टीसिक्सर्सकडून खेळताना तो २४.१ वर आला. फटके १४ च्या आसपास, पण असिस्ट (सहकाऱ्याला थेट बास्केट करून देणारे पास) २.४ वरून ७.८ वर आणि फील्ड गोलची, म्हणजे चालू खेळातल्या फटक्यांची, टक्केवारी ५०.६ वरून ६८.३ वर. दोन्ही संघांचे प्रति सामना गुण साधारण १२५. वरवर पाहिले तर आक्रमण सारखेच. पण पहिल्या हंगामात खेळ अधिक वेगवान होता, म्हणजे तेवढेच गुण काढायला जास्त संधी खर्ची पडल्या होत्या. दुसऱ्या संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकले आणि विजेतेपदही मिळवले. स्टारचे वैयक्तिक गुण निम्म्याहून कमी झाले आणि संघाचे आक्रमण सुधारले. हे उदाहरण डोक्यात पक्के ठेवा, पुढे ते पुन्हा पुन्हा लागेल.

तेव्हा मोजायचे ते दर १०० ताब्यांमागचे गुण, म्हणजेच ऑफेन्सिव्ह रेटिंग. ताबा म्हणजे चेंडू एका संघाकडे आल्यापासून दुसऱ्याकडे जाईपर्यंतचा काळ. बॉक्स स्कोअरवरून, म्हणजे सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यावरून, ताबे काढायचे सूत्र सोपे आहे: फील्ड गोलचे प्रयत्न, अधिक फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांच्या) प्रयत्नांची ०.४४ पट, वजा आक्रमक रिबाउंड (आपलाच फटका चुकल्यावर परत मिळवलेला चेंडू), अधिक टर्नओव्हर (फटका न मारताच गमावलेला चेंडू). ०.४४ का? कारण सगळे फ्री थ्रो ताबा संपवत नाहीत. दोनपैकी पहिला संपवत नाही, बास्केट झाल्यावर मिळणारा जादाचा संपवत नाही, टेक्निकल फाउलचा संपवत नाही. समजा संघाने ८८ फटके मारले, २२ फ्री थ्रो घेतले, १० आक्रमक रिबाउंड मिळवले आणि १३ वेळा चेंडू गमावला. ८८ + ९.६८ − १० + १३ म्हणजे १००.७ ताबे. गुण ११५ असतील तर रेटिंग ११४.२.

इथे दोन ठिकाणी लोक फसतात. पहिले म्हणजे वेगवेगळी संकेतस्थळे ताबे थोड्या वेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यामुळे त्याच संघाचा त्याच हंगामाचा आकडा एक-दीड गुणाने वेगळा निघू शकतो. एका खेळाडूचा आकडा इथून आणि दुसऱ्याचा तिथून घेतला, तर तुलना तिथेच बिघडली. दुसरे, एनबीएमध्ये आक्रमक रिबाउंडची वेगळी नोंद १९७३-७४ पासून आणि टर्नओव्हरची १९७७-७८ पासून आहे. त्याआधीचे रेटिंग अंदाजाने काढलेले असते. चेंबरलेन, ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट यांच्या काळासाठी दशांशावरून भांडण्यात अर्थ नाही. संघ वरच्या फळीत होता की मधल्या, एवढेच त्यातून सांगता येते.

रेटिंग हाती आले की त्यातून त्या हंगामाची लीगची सरासरी वजा करा. हे न करणारा माणूस कितीही हुशार असला तरी चुकीच्या निष्कर्षालाच पोहोचतो. २००३-०४ मध्ये लीगची सरासरी १०२.९ होती. पुढच्या हंगामात चेंडू घेऊन येणाऱ्याला हाताने अडवण्यावरचे नियम कडक लागू झाले आणि सरासरी १०६.१ वर गेली. म्हणजे काहीही न सुधारता संघ ३ गुणांनी चांगला दिसू लागला असता. २०२३-२४ पर्यंत सरासरी ११५ च्या वर पोहोचली होती. थ्री-पॉइंटरचे, म्हणजे लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फटक्यांचे, प्रमाण वाढले, मधल्या अंतरावरचे फटके कमी झाले, प्रत्येक जागेवर नेमबाज आले. सॅक्रामेंटो किंग्सने २०२२-२३ मध्ये तोवरचे सर्वोच्च रेटिंग नोंदवले, ११९ च्या आसपास. पण सरासरीशी त्यांचा फरक ५ गुणांहूनही कमी होता, आणि त्यांच्यापैकी कोणाला इतिहासातला सर्वांत मोठा आक्रमक खेळाडू म्हणण्याचे धाडस कोणी करत नाही. १९९६-९७ च्या शिकागो बुल्सचे रेटिंग ११४.४, किंग्सपेक्षा बरेच कमी, पण सरासरीपेक्षा ७.७ ने वर. खरा मान या फरकाचा.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नॅशचे संघ: २००३-०४ चा डॅलस मॅव्हेरिक्स, रेटिंग ११२.१, फरक +९.२. २००४-०५ चा फिनिक्स सन्स, ११४.५, फरक +८.४. जॉर्डनच्या बुल्सचे सर्वांत चांगले हंगाम १९९१-९२, १९९५-९६ आणि १९९६-९७, तिन्हींचा फरक +७.३ ते +७.७. कागदावर नॅश दीड गुणाने पुढे.

या दीड गुणात दम किती ते आधी तपासू. एका ताब्यात बहुतेक वेळा ० किंवा २ गुण मिळतात, कधी ३, क्वचित १. एका ताब्याचे प्रमाण विचलन (सरासरीपासून होणारी नेहमीची चढउतार) साधारण १.१५ गुण येते. हंगामात संघाला ८,२०० च्या आसपास ताबे मिळतात. त्यावरून हंगामाच्या रेटिंगची प्रमाण चूक (निव्वळ योगायोगाने पडू शकणारा फरक) काढली तर ती सुमारे १.३ गुण भरते. दोन संघांच्या रेटिंगमधल्या फरकाची चूक १.८. म्हणजे तोच संघ तोच हंगाम पुन्हा खेळला असता तर +९.२ चा +७.५ झाला असता किंवा +७.५ चा +९ झाला असता, यात नवल काही नव्हते. एका हंगामातल्या दीड गुणावरून दोन खेळाडूंची श्रेणी लावणे म्हणजे नाणेफेकीवर निकाल देण्यासारखे आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या आकड्यासाठी मोजलेली किंमत. आक्रमण आणि बचाव यांच्यासाठी खेळाडू एकाच पिशवीतून काढावे लागतात. मैदानावर पाचच जण. उंच बचावपटूऐवजी नेमबाज घेतला की आक्रमणाला मोकळी जागा मिळते, पण दुसऱ्या टोकाला पेंट, म्हणजे बास्केटजवळचा भाग, उघडे पडते. आक्रमक रिबाउंडसाठी तिघांना आत धाडले की उलट हल्ला अडवायला मागे दोघेच राहतात. २००३-०४ च्या मॅव्हेरिक्सकडे नॅशच्या जोडीला डर्क नोविट्स्की, मायकेल फिनली, अँटवान जेमिसन, अँटवान वॉकर असे गुण काढणारेच भरलेले होते. आक्रमण जबरदस्त, बचाव लीगच्या तळाजवळ. ५२ विजय, आणि प्लेऑफच्या (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्याच फेरीत किंग्सकडून १-४ ने हार. पुढच्या मोसमात नॅश गेला, संघ बचावाकडे वळला आणि विजय ५८ झाले.

याउलट १९९५-९६ च्या बुल्सने +७.६ चे आक्रमण लीगमधल्या पहिल्या क्रमांकाच्या बचावासकट उभे केले. डेनिस रॉडमन आणि रॉन हार्पर या दोघांना मुळात फटक्यांसाठी खेळवले जात नव्हते. दोन जागा बचावाला आणि रिबाउंडला दिल्यावरही आक्रमण तिथे पोहोचले, याचे मोल निव्वळ आकड्यात उतरत नाही. म्हणून मी कुठल्याही संघाच्या आक्रमणाच्या फरकाशेजारी बचावाचा फरक लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. आक्रमण +८ आणि बचाव सरासरीपेक्षा ३ ने वाईट असेल, तर त्या आठातले काही गुण बचावाकडून उसने घेतलेले आहेत.

यानंतर आक्रमण फोडून पाहायचे. बास्केटबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक डीन ऑलिव्हर यांनी रूढ केलेले चार घटक इथे फार उपयोगी पडतात: फटक्यांची परिणामकारकता, टर्नओव्हर, आक्रमक रिबाउंड आणि फ्री थ्रो. वजन साधारण ४०, २५, २० आणि १५ टक्के. परिणामकारकता काढताना थ्री-पॉइंटरला दीडपट मोजतात, म्हणजे यशस्वी फटके अधिक यशस्वी थ्रीचे अर्धे, भागिले एकूण प्रयत्न. संघ यातल्या कोणत्या घटकात सरासरीच्या वर आहे ते पाहा आणि मग विचारा की त्या घटकाला स्टारचा हात किती लागतो.

नॅशच्या संघांत फटक्यांची परिणामकारकता अफाट होती, आणि तिच्याशी त्याचा थेट संबंध होता. पिक अँड रोलमध्ये (सहकारी बचावपटूची वाट अडवून मग स्वतः बास्केटकडे वळतो ती चाल) तो ड्रिबल न थांबवता बास्केटखालून फिरून बाहेर यायचा. बचाव दोन सेकंद जास्त ताणला जायचा. तेवढ्यात कोपऱ्यातला नेमबाज तरी मोकळा व्हायचा किंवा अमारे स्टॉडमायर बास्केटकडे झेपावलेला असायचा. जॉर्डनच्या दुसऱ्या पर्वातल्या, म्हणजे तो निवृत्तीतून परतल्यानंतरच्या, बुल्सचा आधार वेगळा होता. चेंडू गमावण्याचे प्रमाण अगदी कमी आणि आक्रमक रिबाउंड भरपूर. पैकी टर्नओव्हरचे श्रेय बऱ्याच अंशी जॉर्डनचे आहे. इतका भार उचलणारा खेळाडू इतक्या कमी वेळा चेंडू गमावतो, ही विलक्षण गोष्ट आहे आणि संघाच्या आकड्यात ती गुपचूप मिसळून जाते. रिबाउंडचे श्रेय मात्र मुख्यतः रॉडमनचे. तिथे एक बारकावा आहे. जॉर्डनकडे दोन बचावपटू ओढले गेले की रॉडमनला अडवणारा बाजूला सरकतो, म्हणून त्या रिबाउंडमधलाही थोडा हिस्सा जॉर्डनकडे येतो. किती, हे बॉक्स स्कोअर सांगू शकत नाही. ते सामन्याची चित्रफीत बघूनच कळते.

चित्रफीत बघताना चेंडूवरची नजर काढा आणि कमकुवत बाजूच्या बचावपटूंची पावले पाहा. स्टार चेंडू घेऊन आला की त्यांचे एक पाऊल पेंटमध्ये पडते का? स्टीफन करीच्या बाबतीत तर चेंडू त्याच्याकडे नसतानाही दोघे त्याच्यामागे स्क्रीनवरून (सहकाऱ्यांनी घातलेल्या अडथळ्यांवरून) धावतात आणि मागे बास्केट मोकळी पडते. तो ले-अप (बास्केटजवळचा सोपा फटका) दुसऱ्याच्या नावावर, असिस्ट तिसऱ्याच्या नावावर, आणि करीच्या ओळीत शून्य. संघाचा आकडा अशा खेळाडूला न्याय देतो, वैयक्तिक आकडे देत नाहीत. संघाच्या निकालावरून स्टार जोखण्याच्या बाजूने हा सगळ्यांत भक्कम मुद्दा आहे.

पुढची पायरी: तो असताना आणि नसताना. नैसर्गिक प्रयोग सुदैवाने बरेच झाले आहेत. जॉर्डन १९९३ मध्ये निवृत्त झाला. १९९२-९३ मध्ये बुल्सचे ५७ विजय होते, तो नसताना १९९३-९४ मध्ये ५५. यावरून कित्येक जण म्हणतात की त्याच्याविना काही बिघडले नाही. विजयांऐवजी आक्रमण पाहा: +४.९ वरून घसरून थेट सरासरीवर. संघ तरला तो बचावावर आणि अटीतटीच्या सामन्यांवर. सामन्यामागचा गुणफरक ६ वरून जवळपास निम्म्यावर आला होता. विजयांची संख्या ही फार ढोबळ मोजपट्टी आहे.

फिनिक्सचे उदाहरण उलट्या बाजूने जपून वापरावे लागते. २००३-०४ मध्ये २९ विजय, नॅश आल्यावर ६२. ऐकायला भारी वाटते. पण आधीच्या हंगामात स्टॉडमायर ५५ सामनेच खेळला होता, नंतर ८०. क्वेंटिन रिचर्डसन नवा आला होता. प्रशिक्षक माइक डी'अँटोनी यांना प्रथमच पूर्ण हंगाम मिळाला होता. ३३ विजयांची सगळी उडी नॅशच्या नावावर मांडणे चूक. त्यापेक्षा पुढच्या वर्षीचा पुरावा कितीतरी बळकट आहे. २००५-०६ मध्ये स्टॉडमायर गुडघ्याच्या दुखापतीमुळे अवघे ३ सामने खेळला, जो जॉन्सन अटलांटाला गेला, रिचर्डसनही गेला. तरीही सन्सचे आक्रमण लीगमध्ये दुसरे आणि विजय ५४. स्टार सोडून बाकी बरेच काही बदलले आणि निकाल टिकला. स्टारच्या बाजूने याहून चांगली साक्ष मिळणे कठीण.

याच कारणासाठी २०१९-२० चा गोल्डन स्टेट वॉरियर्स पुरावा म्हणून कच्चा ठरतो. करी ५ सामने खेळला आणि संघ १५-५० (१५ विजय, ५० पराभव) असा कोसळला. पण केविन ड्युरंट सोडून गेलेला होता आणि क्ले थॉम्पसन हंगामभर बाहेर होता. तिघांचे नुकसान एकाच्या खात्यावर टाकता येत नाही. लेब्रॉन जेम्स गेल्यावर क्लीव्हलँड ६१ विजयांवरून १९ वर आला, त्यातही प्रशिक्षक बदलला होता, इतर खेळाडू गेले होते, दुखापती होत्या. दिशा खरी, पण ४२ विजय हे लेब्रॉनचे माप नव्हे.

असताना-नसताना काढायचे तर निव्वळ गैरहजेरीचे सामने मोजून थांबू नका. १० सामने म्हणजे १,००० ताबे, त्यावरच्या रेटिंगची चूक ३.६ गुण. एवढ्यात काहीही दिसू शकते. किमान ३-४ हंगामांतले चुकलेले सामने एकत्र करा. प्रतिस्पर्ध्यांच्या बचावाची ताकद, घरचे आणि बाहेरचे मैदान यांची दुरुस्ती करा. आणि इतर प्रमुख खेळाडूही ज्या सामन्यांत गैरहजर होते ते सामने वेगळे काढा. हे शेवटचे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळले की सगळी मेहनत वाया जाते.

मैदानावर आणि बाकावर असतानाच्या फरकाचेही असेच. सामन्यात ३६ मिनिटे खेळणाऱ्या स्टारचे हंगामात सुमारे ६,१५० ताबे मैदानावर आणि २,०५० बाकावर जातात. दोन्ही रेटिंगमधल्या फरकाची प्रमाण चूक जवळपास ३ गुण येते. म्हणजे फरक ८ दिसला तर खरा फरक २ ते १४ यांपैकी काहीही असू शकतो. शिवाय बाकावर असताना त्याच्या जागी कोण येतो यावर सगळे अवलंबून. रसेल वेस्टब्रूकने २०१६-१७ मध्ये ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड आणि १०.४ असिस्ट अशी सरासरी राखली. त्याच्या ओक्लाहोमा सिटी संघाचे आक्रमण मात्र सरासरीच्याच आसपास राहिले. तो बाकावर गेला की संघ पार ढेपाळायचा, म्हणून फरक प्रचंड दिसायचा. त्या फरकातला मोठा भाग राखीव खेळाडूंच्या दुबळेपणाचा होता. निकोला योकिचचा फरकही २०२२-२३ मध्ये बचावासह २० गुणांहून जास्त होता. त्यातही त्याच्या डेन्व्हर संघाच्या राखीव फळीचा वाटा आहे, पण इथे एक गोष्ट वेगळी आहे: तो मैदानावर असतानाचे आक्रमण स्वतःच लीगमध्ये सर्वांत वरचे होते. नुसता फरक पाहू नका, मैदानावर असतानाचा आकडा किती उंच आहे तेही पाहा.

या गुंत्यातून वाट काढायची चांगली पद्धत म्हणजे समायोजित प्लस-मायनस. बदली खेळाडू न येता जेवढा काळ तेच दहा जण मैदानावर असतात, त्या प्रत्येक तुकड्याची एक ओळ करायची. आक्रमण करणारे पाच आणि बचाव करणारे पाच यांना वेगळे स्तंभ द्यायचे आणि ताब्यामागच्या गुणांवर समीकरण बसवायचे. साधे समीकरण एका हंगामात वेडेवाकडे आकडे देते, कारण काही खेळाडू कायम एकत्रच खेळतात. म्हणून सगळ्यांचे गुणांक शून्याकडे थोडे ओढून धरतात आणि ३ ते ५ हंगामांची माहिती एकत्र घेतात. याचीही मर्यादा आहे: करी आणि ड्रेमंड ग्रीनसारखी जोडी बहुतेक वेळ बरोबर असली की समीकरण श्रेय दोघांत वाटून टाकते, खरे कोणाचे ते त्याला कळत नाही. तरीही या पद्धतीतून एक फार मोलाची गोष्ट समजते. अगदी शिखरावरच्या आक्रमक खेळाडूंचा आकडा साधारण +५ ते +७ मध्ये येतो. म्हणजे +९ च्या आक्रमणातले निदान दोन-चार गुण, तो कितीही महान असला तरी, दुसऱ्या कोणाचे असतात.

हेच उलट बाजूनेही लागू आहे. करीने २०२०-२१ मध्ये ३२ गुणांच्या सरासरीने लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला आणि वॉरियर्सचे आक्रमण सरासरीच्या किंचित खाली होते. संघात नेमबाजच नव्हते, बचाव बिनधास्त दोघे-तिघे त्याच्यावर सोडायचा. या एका हंगामाच्या संघ-आकड्यावरून त्याला सामान्य ठरवणारा माणूस मोजमाप नव्हे, अन्याय करतो. पाच वर्षांपूर्वी हाच खेळाडू +८ च्या आणि ७३ विजयांच्या संघाचा कणा होता.

वाईट संघाला सरासरीपर्यंत ओढून नेणे आणि चांगल्या संघाला शिखरावर नेणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि दुसरे जास्त दुर्मीळ आहे. ॲलन आयव्हरसन २०००-०१ मध्ये ३१.१ गुणांसह सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याची फील्ड गोलची टक्केवारी ४२, आणि फिलाडेल्फियाचे आक्रमण सरासरीच्या जेमतेम वर. संघाचे ५६ विजय बचावावर उभे होते. त्या संघात दुसरा कोणी फटका निर्माण करणारा नव्हता, त्यामुळे आयव्हरसनने उचललेला भार खरा आणि कौतुकास्पद होता. पण भोवती चांगले खेळाडू जमवले की त्याच प्रकारच्या खेळाचा उपयोग घटत जातो, कारण चेंडू एकच असतो. मॅजिक जॉन्सन, नॅश, योकिच, करी यांच्या खेळाला सहकारी जितके चांगले तितकी धार येते. जॉर्डन हा दोन्हींचा नमुना आहे. १९८६-८७ मध्ये ३७.१ गुण काढूनही बुल्सचे आक्रमण सरासरीच होते आणि संघ ४०-४२. १९९०-९१ मध्ये त्याचे गुण ३१.५ वर उतरले आणि आक्रमण लीगमध्ये पहिले आले, ६१ विजय आणि पहिले विजेतेपद. मधल्या काळात स्कॉटी पिपेन आणि होरेस ग्रँट तयार झाले, प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी आक्रमणाची ट्रँगल पद्धत आणली. चेंबरलेनचीच गोष्ट, पण जॉर्डनने त्यासाठी आपले गुण निम्म्यावर आणले नाहीत.

प्लेऑफचा आकडा वेगळा काढायचा, आणि प्रतिस्पर्ध्याच्या बचावाशी तुलना करून. लीगची सरासरी ११० आहे, समोरचा संघ हंगामभर १०५ देतो, आणि तुम्ही त्याच्याविरुद्ध १११ काढले, तर तुमचा फरक +१ नसून +६ आहे. प्लेऑफमध्ये बचाव एकाच संघासाठी आठवडाभर तयारी करतो. पिक अँड रोलवर बचावपटूंची सरळ अदलाबदल करतो, कमकुवत नेमबाजाला मोकळा सोडून देतो. ज्याच्याकडे एकच हत्यार आहे त्याचे आक्रमण इथे घसरते. मात्र सात सामन्यांत ७०० ताबेच असतात, हे विसरू नका. २०१८ च्या वेस्टर्न कॉन्फरन्स अंतिम फेरीत सातव्या सामन्यात जेम्स हार्डनच्या ह्यूस्टनने ४४ पैकी ७ थ्री मारले, सलग २७ चुकले. त्या रात्रीवरून हार्डनच्या आक्रमणाचे मूल्यमापन करणे म्हणजे नशिबाला गुण देणे. प्लेऑफसाठी निदान ४०-५० सामने जमवा.

बिल रसेलचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. १३ हंगामांत ११ विजेतेपदे, आणि त्यातल्या बऱ्याच वर्षांत त्याच्या बॉस्टन सेल्टिक्सचे आक्रमण सरासरीपेक्षा खाली. आक्रमणाचा आकडा त्याच्याबद्दल काहीही सांगत नाही, कारण त्याचे मोठेपण दुसऱ्या टोकाला होते. "आक्रमक म्हणून मोठा" आणि "खेळाडू म्हणून मोठा" हे दोन प्रश्न आहेत, ते एकाच आकड्याने सोडवू नका.

आता नॅश आणि जॉर्डन. नॅशच्या बाजूला २००१-०२ ते २००९-१० अशी नऊ वर्षे लिहा. संघ जवळपास दरवर्षी आक्रमणात पहिल्या दोनांत. प्रशिक्षक डॅलसमध्ये डॉन नेल्सन, फिनिक्समध्ये डी'अँटोनी, मग अल्विन जेन्ट्री. नोविट्स्कीची साथ सुटली, स्टॉडमायर वर्षभर बाहेर राहिला, शॉन मॅरियन गेला, आणि २००९-१० मध्ये जेसन रिचर्डसन, चॅनिंग फ्राय यांना घेऊन ३५-३६ वर्षांचा नॅश पुन्हा पहिल्या क्रमांकाचे आक्रमण चालवत होता. आक्रमणाचा सूत्रधार म्हणून तो इतिहासातल्या पहिल्या काही नावांत बसतो, याबद्दल मला शंका नाही. त्याच्याशेजारी लिहा की यातल्या बऱ्याच संघांनी आक्रमणासाठी बचावाचा बळी दिला होता. जॉर्डनच्या बाजूला कमी हंगाम, थोडा कमी फरक, पण तोच फरक बचावपटूंनी भरलेल्या पाचजणांसह, त्याच्याविना सरासरीवर आलेले १९९३-९४ चे आक्रमण, आणि प्लेऑफमधल्या कडक बचावांसमोरही न घसरलेला खेळ. त्या दीड गुणाचा भरवसा नाही, बचावाच्या किमतीचा आहे. म्हणून आक्रमणातही मी जॉर्डनला पुढे ठेवतो, थोडासाच.